तिथी आणि तारीख एकाच दिवशी: नातीच्या १९ व्या वाढदिवसाला काशीला

जानेवारीत नवीन कालनिर्णय भिंतीवर लागलं की मी सगळ्यात आधी त्रिपुरी पौर्णिमा बघते, कारण आमची पिऊ त्या दिवशीची. २००६ साली ५ नोव्हेंबरला रविवार होता, लेक पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे नाशिकला आलेली, मी सकाळी त्रिपुर वात तुपात भिजवून ताम्हनात ठेवली होती संध्याकाळी देवळात लावायला, आणि दुपारीच तिला कळा सुरू झाल्या. ताम्हन तसंच ओट्यावर राहिलं आणि आम्ही पळालो. दिवेलागणीला पिऊ झाली. नर्सबाईंनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा हॉस्पिटलच्या खिडकीतून समोरच्या देवळाची दीपमाळ पेटलेली दिसत होती, ते अजून डोळ्यासमोर आहे माझ्या.

तेव्हापासून आमच्या घरात तिचे दोन वाढदिवस. तारखेचा पुण्यात, तिच्या आईबाबांकडे, केक फुगे मित्रमैत्रिणी सगळं. आणि तिथीचा माझा, ती समोर असली तर तिला पाटावर बसवून आणि नसली तर देवापुढे तिच्या नावाचं निरांजन लावून. तिथी काय दरवर्षी पुढे मागे होते, गेल्या वर्षी १५ नोव्हेंबरला आली होती. तर यंदा कॅलेंडर उघडलं आणि बघते तर त्रिपुरी पौर्णिमा ५ नोव्हेंबरला! मी ह्यांना हाक मारली, अहो बघा जरा, माझं काही चुकत तर नाही ना. हे शाळेत गणित शिकवायचे, त्यांनी लगेच कागद घेतला. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणजे आपल्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवस कमी, ते भरून काढायला अधिक महिना येतो, आणि १९ वर्षांत असे ७ अधिक महिने पडले की २३५ चांद्र महिने आणि १९ वर्षं जवळजवळ बरोबर जुळतात. म्हणजे माणसाची तिथी आणि तारीख १९ व्या वर्षी पुन्हा एकत्र येते, कधी एखाद्या दिवसाचा फरक पडतो पण पिऊचं अगदी तंतोतंत आलं. पुढचा योग ३८ व्या वर्षी. तेव्हा मी ८७ ची असेन आणि हे ९२ चे. हे एवढंच बोलले की मग यंदा गेलंच पाहिजे.

जायचं कुठे तर बनारसला. पिऊ बीएचयूत, म्हणजे बनारस हिंदू विद्यापीठात, गाणं शिकते, दुसरं वर्ष. पुण्यात राहून शिकता आलं असतं की, असं तेव्हा सगळे म्हणत होते, मीही म्हणत होते, पण तिने परीक्षा दिली, ॲडमिशन मिळाली आणि ती गेली. लेकीला आणि जावईबापूंना नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात रजा मिळेना, धाकट्याची परीक्षा. म्हणजे आम्ही दोघंच जाणार. लेक फोनवर काळजीने म्हणाली, आई तुम्हाला दोघांना झेपेल का गं, २५ तासांचा प्रवास आहे, बाबांचे गुडघे बघ. मी म्हटलं झेपेल.

आता तिकिटाचं सांगते कारण आमच्या वयाच्या लोकांना उपयोग होईल. रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही, १ नोव्हेंबर २०२४ पासून बदललंय. आम्हाला ३ नोव्हेंबरची महानगरी हवी होती म्हणून ४ सप्टेंबरला सकाळी ८ च्या आधीच हे लॅपटॉप उघडून बसले. ज्येष्ठ नागरिकांची भाड्यातली सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती झालीच, पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के मिळायची, त्याचं मला अजून वाईट वाटतं, कारण नातवंडांना भेटायला जाणारे म्हातारे लोकच जास्त त्या गाड्यांमधून जात असतात. पण खालच्या बर्थचा कोटा आहे अजून, पुरुष ६० च्या वर आणि बाई ४५ च्या वर असेल तर मिळतो, फक्त एका तिकिटावर दोघांपेक्षा जास्त माणसं घालायची नाहीत. तिकीट काढताना तो कोटा आपण स्वतः निवडायचा असतो, आपोआप मिळेल म्हणून बसायचं नाही. आम्ही निवडला, थ्री टायर एसीत दोघांनाही खालचे बर्थ मिळाले, समोरासमोर.

दुसरी गोष्ट तारखेची. ही गाडी मुंबईहून रात्री १२ नंतर सुटते आणि नाशिकरोडला पहाटे अंधारात येते. म्हणजे तिकिटावर ३ तारीख असली तरी घरातून निघायचं २ तारखेच्या रात्री. आमच्या ओळखीतले एक जोडपं असंच दुसऱ्या दिवशी रात्री स्टेशनवर गेलं होतं आणि गाडी आदल्या दिवशीच गेलेली. म्हणून मी कॅलेंडरवर २ तारखेच्या चौकोनात मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं, आज रात्री निघायचं.

सामानात सगळ्यात मोठी होती गोधडी. बनारसला थंडी फार असते असं पिऊ गेल्या वर्षी सांगत होती, रजई आहे गं पण घरच्यासारखी ऊब नाही. ते माझ्या मनात राहिलं. मार्चपासून मी शिवायला घेतली, माझ्या आईचं एक नऊवारी, माझ्या दोन सुती साड्या, लेकीचा कॉलेजातला एक ड्रेस, आणि मध्ये पिऊचं बाळपणीचं दुपटं, त्याच्यावर पिवळी बदकं आहेत. दुपारी चष्मा लावून रोज थोडा थोडा धावदोरा घालायचा, डोळे दुखले की ठेवून द्यायची. ऑगस्टमध्ये उजव्या हाताचा अंगठा सुजला तेव्हा तीन आठवडे थांबले. दसऱ्याला पुरी झाली. ती बॅगेत मावेना, शेवटी चादरीत गुंडाळून सुतळीने बांधली आणि ह्यांनी वळकटीसारखी खांद्याला लावली. शिवाय साटोऱ्या, नाशिकचा चिवडा, ह्यांच्या बीपीच्या गोळ्या, नीकॅप, चांदीचं निरांजन, छोटं ताम्हन, आणि डब्यात दोन त्रिपुर वाती. आमच्याकडे एक वात म्हणजे वर्षाच्या ३६५ दिवसांचे ३६५ धागे. एक यंदाची आणि एक २००६ ची जी लावायची राहिली होती तिच्या नावाने. म्हणजे तेव्हाची ती मूळ वात ह्यांनी नंतर रात्री उशिरा जाऊन देवळात लावली होती, पण ती मी माझ्या हाताने लावली नव्हती ही रुखरुख मला १९ वर्षं होती.

२ तारखेला कार्तिकी एकादशी होती, उपास. तुळशीचं लग्न शेजारच्या वहिनींकडे सोपवलं, ते पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येतं. रात्री दीड वाजता रिक्षा सांगितली होती. स्टेशनवर थंडी होती आणि आमच्यासारखेच बरेच जण पौर्णिमेच्या स्नानाला निघालेले, दोन बायका तर सिन्नरकडच्या खेड्यातल्या, त्यांच्याकडे जनरलचं तिकीट आणि हातात फक्त एक पिशवी. त्यांच्याशी बोलताना मला माझं एसीचं तिकीट फार वाटलं.

उपास गाडीतच सोडला, भुसावळ गेल्यावर, दशमी आणि लसणाची चटणी. मग दिवसभर खिडकी. खांडवा, इटारसी, नरसिंहपूर. जबलपूरच्या अलीकडे नर्मदा आली तेव्हा हे उठून उभे राहिले हात जोडून, त्यांच्या वडिलांनी पायी परिक्रमा केली होती. समोरचा तरुण मुलगा वरच्या बर्थवरून खाली उतरला आणि त्याने विचारलं दादाजी कौनसी नदी है, आणि मग दोघं तासभर बोलत बसले. ह्यांचं हिंदी म्हणजे मराठीच, पण त्या मुलाला सगळं कळत होतं. गुडघ्यांसाठी दर दीड दोन तासांनी डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारायची असं डॉक्टरांनी सांगितलेलं ते आम्ही दोघांनी पाळलं. आणि पाणी. म्हातारी माणसं बाथरूमला उठायला नको म्हणून प्रवासात पाणी पीत नाहीत, मीही पूर्वी तेच करायचे आणि मग दोन दिवस पाय वळायचे. यावेळी पीत राहिले.

मिर्झापूर गेल्यावर झोप नाही. गाडी बनारसच्या पुलावर आली, मालवीय पूल, इंग्रजांच्या काळातला १८८७ सालचा, आणि खाली काळोखात गंगा. लांब डाव्या हाताला घाटांचे दिवे एका वळणात दिसले, चंद्रकोरीसारखे. मी ह्यांचा हात धरला. काही बोललो नाही.

पिऊला हॉस्टेलमधून पहाटे निघता येत नाही त्यामुळे आम्ही वेटिंग रूममध्ये बसलो. सहा वाजून गेले आणि ती आली, पळत, कानाला मफलर, केस विस्कटलेले, आणि तिने आधी ह्यांच्या गळ्यात हात टाकले. आबा तुम्ही खरंच आलात! मग माझ्याकडे. मला वाटलं होतं ती मोठी झाली असेल, लाजेल चारचौघात, पण नाही. फक्त उंच वाटली. आणि टोटोवाल्याशी, म्हणजे ई-रिक्षावाल्याशी, भाडं ठरवताना तिचं ते बनारसी हिंदी ऐकून मी बघतच राहिले, का भइया, एतना काहे, असं काहीतरी.

पुढे मात्र त्रास झाला. अस्सी घाटाजवळ एका लॉजमध्ये आम्ही महिनाभर आधी फोनवर खोली सांगितली होती, ॲडव्हान्स पाठवलेला. गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणतो चार तारखेला हाच रेट आहे पण पाच तारखेला देव दीपावली (त्रिपुरी पौर्णिमेलाच तिकडे तसं म्हणतात) आहे, त्या रात्रीचे तिप्पट पडतील. मी म्हटलं अहो आम्ही तारखा सांगूनच पैसे दिले होते. तो म्हणे सांगणारा दुसरा होता. पावती नाही, काही लिहून घेतलेलं नाही, सगळं तोंडी. ह्यांचा चेहरा उतरला. पैशाचं एक, पण प्रवास करून आलेल्या ७३ वर्षांच्या माणसाला असं उभं ठेवून बोलायचं याचा मला फार राग आला आणि अजून येतो. तुम्ही कधी जाणार असाल तर देव दीपावलीच्या दिवसांत खोलीचा भाव, तारखा, सगळं लेखी मागवा, मेसेजवर का होईना.

पिऊने तिथेच बाजूला जाऊन दोन फोन केले. तिच्याबरोबर सतार शिकणारी एक मुलगी आहे, तिच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत राहतं, पिढ्यान् पिढ्या काशीतलेच. ब्रह्मा घाट, दुर्गा घाट, पंचगंगा हा सगळा जुना मराठी लोकांचा भाग. त्यांच्या वाड्यात वरची एक खोली रिकामी होती. पण तिथे जायचं म्हणजे मैदागिनपर्यंतच वाहन, मग कालभैरवाच्या बाजूने चौखंबाच्या गल्ल्यांतून पायी, दोन माणसं आणि एक गाय समोरासमोर आली तर थांबावं लागतं अशा गल्ल्या. पिऊने एक बॅग डोक्यावर घेतली, हो डोक्यावर, आणि गोधडीचं गाठोडं पाठीला लावलं. तिला माहीत नव्हतं आत काय आहे. मी मागून चालत होते आणि ते गाठोडं तिच्या पाठीवर हलताना बघत होते.

वाड्यातल्या काकूंनी दारात पाय धुवायला पाणी दिलं. त्यांचं मराठी ऐकून मला माझ्या आजीची आठवण झाली, आपण आता बोलत नाही असे शब्द, मध्येच हिंदीचा हेल. त्या एकदाही पुण्या-मुंबईला आलेल्या नाहीत. त्या म्हणाल्या नातीचा वाढदिवस आहे आणि तोही त्रिपुरीला, मग घरच समजा. भाड्याचं विचारलं तर म्हणाल्या जाताना बघू.

त्या दिवशी वैकुंठ चतुर्दशी होती, हरिहर भेटीचा दिवस, विष्णूला बेल आणि शंकराला तुळस वाहायची. वाड्याजवळच बिंदुमाधवाचं देऊळ, औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधलेलं, तिथे बेल वाहून आलो. विश्वनाथाला त्या गर्दीत ह्यांना नेणं शक्यच नव्हतं. दुपारी पिऊने विद्यापीठ दाखवलं. केवढं ते आवार, १३०० एकर म्हणे, मालवीयजींनी १९१६ साली उभं केलं, झाडंच झाडं. तिची संगीताची इमारत, पंडित ओंकारनाथ ठाकूर इथे शिकवायचे हे सांगताना तिचा आवाज बदलला. मुलं ज्याला वीटी म्हणतात ते आवारातलं विश्वनाथ मंदिर, तिथे कोल्ड कॉफी प्यायलो तिघं. आणि हॉस्टेलच्या ऑफिसात एक अर्ज दिला, चार आणि पाच तारखेच्या दोन्ही रात्री पिऊ आजीआजोबांकडे राहील, खाली माझी सही आणि आधारची झेरॉक्स. परवानगी मिळाली. तिथून परत येताना तिने मला हळूच विचारलं, आजी, उद्या माझ्या चार मैत्रिणी पण येऊ देत का, आम्ही गेल्या वर्षी मिळून घाटावर दिवे लावले होते, पण तुला फक्त आपलंच करायचं असेल तर मी त्यांना नाही म्हणते. खरं सांगते, क्षणभर मला वाटलं होतं की आपणच असावं. पण ती नाही म्हणायला तयार होती हे बघून मीच म्हटलं, बोलाव गं सगळ्यांना.

पाच तारखेला पहाटे चार वाजता उठलो. पंचगंगेच्या पायऱ्या फार उंच आणि खड्या आहेत, ह्यांना काकूंच्या मुलाने आणि पिऊने दोन्ही बाजूंनी धरून नेलं, एकेक पायरी, चाळीस मिनिटं लागली उतरायला. पाणी गार होतं. मी कंबरेपर्यंत उतरले. ह्यांनी शेवटच्या पायरीवर बसून डोक्यावर पाणी घेतलं. घाटावर बांबूंच्या टोकाला टोपल्यांमध्ये आकाशदिवे लावलेले होते, पूर्ण कार्तिक महिना लावतात इथे. वर आलो तर पिऊ कुल्हडमध्ये मलइयो घेऊन आली, दुधाचा फेस, केशर घातलेलं, दव पडायला लागलं की बनारसला मिळतं, जिभेवर ठेवलं की नाहीसं होतं. ती म्हणाली हा माझा केक.

मुली दुपारी आल्या. एक बिहारची, एक आसामची, एक लखनौची आणि ती सतारवाली इथलीच. आल्या त्या सगळ्या आधी पाया पडल्या आणि मग पाच मिनिटांत काकूंच्या स्वयंपाकघरात. साटोऱ्यांचा डबा चार वाजेपर्यंत रिकामा. तीन वाजल्यापासून घाटावर पणत्या मांडायला सुरुवात झाली, जो तो आपापल्या पायऱ्या धरून, तेलाचे डबे, वाती, कुणी रांगोळी काढतंय. या घाटावर अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला दगडी दीपस्तंभ आहे, हजारा म्हणतात, हजार दिव्यांचा. यंदा अहिल्याबाईंच्या जन्माला ३०० वर्षं झाली, ३१ मे १७२५ चा जन्म. विश्वनाथाचं आत्ताचं देऊळही त्यांनीच १७८० मध्ये बांधलं. आपल्याकडून इतक्या लांब, त्या काळात. मी त्या हजाऱ्याला हात लावून बघितला, गार होता, दिव्यांच्या खोबणी तेलाने काळ्या झालेल्या, बोटाला काजळी लागली. ती मी पुसली नाही. पिऊला तीट लावली त्याची, कानामागे, ती लहान असताना लावायचे तशी. तिने लावू दिली.

पौर्णिमा संध्याकाळी पावणेसातच्या सुमाराला संपत होती आणि सूर्यास्त सव्वापाचला. म्हणजे औक्षण त्या मधल्या वेळातच करायचं होतं. घाटावर तोपर्यंत मुंगी शिरायला जागा नाही म्हणून काकूंनी गच्ची दिली. पाट मांडला, भोवती आसामच्या मुलीने रांगोळी काढली. ताम्हनात निरांजन, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि माझी अंगठी. वारा होता, निरांजन दोनदा विझलं, तिसऱ्यांदा ह्यांनी आणि सतारवालीने ओढणीचा आडोसा धरला. पिऊ पश्चिमेकडे तोंड करून बसली, डोक्यावर ओढणी. मी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, आणि निरांजन वर नेलं तेव्हा तिच्या मागे गंगेच्या पलीकडून चंद्र वर येत होता. मोठा, तांबूस. खाली घाटावर हजारा पेटायला लागला होता, खालून वर एकेक रांग. तिचा चेहरा, निरांजन आणि मागे तो चंद्र. माझा हात थरथरत होता. पिऊने माझं मनगट धरलं, ताम्हन पडू नये म्हणून, आणि तसंच धरून मी तिला ओवाळलं.

लेकीला व्हिडिओ कॉल लावायचा ठरलं होतं पण लाखो माणसं एका ठिकाणी, नेटवर्कच नाही, फोन लागेना. सतारवालीने सगळं रेकॉर्ड केलं आणि रात्री बारानंतर कधीतरी पुण्याला पोचलं. लेकीचा सकाळी फोन आला, ती रडत होती.

औक्षण झालं आणि पिऊ उठली तर बिहारची मुलगी म्हणाली दादी, मेरा भी कर दीजिए. तिचा वाढदिवस जूनमध्ये होऊन गेला होता, परीक्षा चालू होत्या, घरी जाता आलं नव्हतं. मी तिला पाटावर बसवलं. मग लखनौची. मग आसामची, तिला काय करायचं माहीत नव्हतं, ती डोळे घट्ट मिटून बसली. चौघींना ओवाळलं मी, तेल संपत आलं तर काकूंनी तूप आणून घातलं. हे बाजूला उभं राहून प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवत होते, आयुष्यमान व्हा म्हणत होते मराठीतच.

गोधडी नंतर दिली, रात्री नऊच्या पुढे, गच्चीत गारवा वाढल्यावर. तिने सुतळी सोडली आणि आधी तिला बदकं दिसली. हे माझं दुपटं आहे? मग एकेक तुकडा विचारत गेली, हे कुणाचं, हे कुणाचं. तिच्या आईच्या ड्रेसच्या तुकड्यावर ती बराच वेळ हात फिरवत होती. मग पाचही जणींनी ती गोधडी पायांवर ओढून घेतली आणि पिऊने गायलं. मोठ्याने नाही, खालच्या गोंगाटात आम्हालाच ऐकू येईल एवढं. ह्यांनी भिंतीला टेकून डोळे मिटले होते. ती पुण्याहून इथे का आली हे मला आजवर फोनवर कधी नीट समजलं नव्हतं, त्या रात्री तिचा आवाज ऐकला आणि माझ्या मनातली किल्मिषं गेली. मी तिला तसं सांगितलंही.

यंदाची वात घाटावर पिऊच्या हातून लावली, हजाऱ्यापाशी, काकूंचा मुलगा वाट काढत घेऊन गेला होता तिला. दुसरी मी गच्चीवर लावणार होते पण वाऱ्याने भीती वाटली, म्हणून तशीच डब्यात ठेवली.

सहा तारखेला सकाळी गर्दी जरा ओसरल्यावर विश्वनाथाचं दर्शन झालं. काकूंनी भाडं घेतलं नाही, खूप आग्रह केला तेव्हा चिवडा ठेवून घेतला आणि गोदावरीचं पाणी पाठवा म्हणाल्या. ते पाठवायचंय, कॅनला झाकण घट्ट बसणारं बघतेय मी.

सात तारखेला निघालो. पिऊ स्टेशनवर आली होती, ह्यांच्या गोळ्या वेळेप्रमाणे वेगवेगळ्या पाकिटांत घालून त्यावर सकाळ, रात्र असं लिहून दिलं होतं तिने. गाडी सुटली आणि मिर्झापूरच्या आसपास तिचा फोन. आजी, ती उरलेली वात कुठे ठेवलीस? नेलीस का परत? मी म्हटलं नाही गं, डब्यात आहे, डबा गोधडीच्या घडीत, बदकांच्या बाजूला. थांब बघते, म्हणाली. मग कपड्याची सळसळ, आणि डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. सापडली. वीटीला नेऊन लावू का आज संध्याकाळी? मी म्हटलं आधी तुपात भिजव नीट, निदान दोन तास.